देवगडात बसलोय, मग नकाशावर पुणे का? आयपी अ‍ॅड्रेस पायरीपायरीने

किनाऱ्यावर ज्यांचा होमस्टे आहे, ज्यांची आंब्याची ऑनलाइन विक्री आहे किंवा ज्यांचं नुसतं एक जीमेल आहे, त्यातल्या बहुतेकांना कधी ना कधी हा इशारा आलेला असतो: नवीन साइन-इन, पुणे, महाराष्ट्र. माणूस तारकर्लीत पडवीवर बसलेला, फोन हातातच. मग आमच्यासारख्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लागतो, "माझा अकाउंट पुण्यात कोणी उघडल्यान रे?"

बहुतेक वेळा कोणीच उघडलेला नसतो. पुणे दिसतं, कारण त्या सेवेला तुमचा आयपी अ‍ॅड्रेस दिसला आणि कुठल्यातरी यादीत त्या आयपीसमोर पुणे लिहिलं होतं. तुमचा डेटा तुमच्या नेट कंपनीच्या जाळ्यातून बाहेरच्या इंटरनेटवर ज्या ठिकाणी निघतो, तिथला क्रमांक म्हणजे तुमचा आयपी. आणि सिंधुदुर्गात बसून वापरलेला बराचसा डेटा सिंधुदुर्गात बाहेर निघतच नाही. म्हणून आयपीवरून देश जवळजवळ नेहमी बरोबर कळतो, कंपनी बरोबर कळते, राज्य पुष्कळदा कळतं, शहर अंदाजपंचे. वाडी, घर, माणूस यातलं काही कळत नाही.

खालच्या पायऱ्या फोन किंवा लॅपटॉप शेजारी घेऊन करत वाचा. आकडे मी देवनागरीत लिहिले आहेत, टाइप करताना अर्थात इंग्रजीच टाका.

आकड्यात गाव कुठे लिहिलेलं असतं?

कुठेच नाही. लँडलाइनच्या जमान्यात नंबराआधी ०२३६५ दिसलं की मालवण आणि ०२३५२ दिसलं की रत्नागिरी, हे कोणीही सांगायचं. आयपीत तशी सोय नाही. जुन्या पद्धतीचा आयपी, म्हणजे आयपीव्ही४, चार आकड्यांचा असतो. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला, मध्ये टिंबं. असे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. जगाला ते पुरले नाहीत. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले.

वाटप असं चालतं: आशिया आणि पॅसिफिक भागासाठी एपनिक ही संस्था आहे, तिचं कार्यालय ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला. भारतात निक्सीच्या अखत्यारीतली आयआरआयएनएन ही नोंदणी संस्था कंपन्यांना पत्त्यांचे गठ्ठे देते. कुठला गठ्ठा रत्नागिरीला वापरायचा, कुठला नागपूरला, हे त्यापुढे कंपनीचं कंपनी ठरवते. उद्या तिला वाटलं तर बदलतेही, आणि तसं कोणाला कळवायचं बंधन तिच्यावर नाही.

नवीन पद्धत आयपीव्ही६. लांबलचक, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेली, मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं. मोबाइलवर आता हीच जास्त दिसते. जिओच्या फोनवर बऱ्याचदा सुरुवात २४०९ने होते, एअरटेलच्या फोनवर २४०१:४९०० ने. म्हणजे कंपनी पहिल्या काही आकड्यांतच उघडी पडते.

पायरी १: स्वतःचा आयपी बघा, दोनदा

फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटा चालू ठेवा आणि ब्राउझरमध्ये "व्हॉट इज माय आयपी" असा शोध द्या. पहिल्या दोन-तीन साइटपैकी कुठलीही उघडा. दिसेल तो पत्ता कागदावर उतरवा, शेजारी वेळ लिहा. चार आकड्यांचा आणि लांबडा असे दोन्ही दिसले तर दोन्ही लिहा. मग वायफाय चालू करून तेच पुन्हा करा. एकाच खुर्चीत बसून दोन वेगळे आयपी आले, आणि बहुधा गावंही दोन वेगळी.

आता फोन फ्लाइट मोडवर टाकून काढा आणि मोबाइल डेटावर पुन्हा बघा. पुष्कळदा आयपी बदललेला असतो. घरच्या फायबरचंही तसंच. पावसाळ्यात झाड पडून वीज गेली, राउटर बंद होऊन परत चालू झाला, की नवा आयपी मिळू शकतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे किती वेळा होतं ते मी सांगायला नको.

पायरी २: घरातला आयपी आणि बाहेरचा आयपी यांची गल्लत सोडवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, त्यामुळे जरा थांबून करा.

फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कवर दाबलंत की एक आयपी दिसतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. तो तुमच्या राउटरने घरापुरता दिलेला नंबर. १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ मधले पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. तुमच्या घरी १९२.१६८.१.५ आहे, शेजाऱ्याकडेही आहे, डोंबिवलीच्या काकांकडेही आहे. या नंबरावरून जगात कोणीही कोणाला शोधू शकत नाही. "माझ्या आयपीचा स्क्रीनशॉट चुकून ग्रुपवर गेला" म्हणून घाबरलेली माणसं येतात, तो बहुतेक वेळा हाच असतो.

आता राउटरमध्ये शिरा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका. जिओफायबर असेल तर १९२.१६८.२९.१. पासवर्ड राउटरच्या खाली चिकटवलेला असतो, किंवा जोडणी करणाऱ्या केबलवाल्याकडे. आत "वॅन" किंवा "इंटरनेट स्टेटस" असं पान असतं, तिथला आयपी बघा आणि पायरी १ मध्ये वायफायवर साइटने दाखवलेल्या चार आकडी आयपीशी ताडून बघा.

दोन्ही एकच असतील तर तो सार्वजनिक आयपी सध्या तुमच्या एकट्याच्या जोडणीचा आहे. वेगळे असतील, आणि राउटरवरचा आकडा १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, किंवा १० ने सुरू होत असेल, तर कंपनीने तुम्हाला सामायिक आयपीवर ठेवलंय. याला सीजीनॅट म्हणतात. १००.६४ पासूनचा हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी बाजूला काढला गेला. पत्ते कमी, गिऱ्हाईकं जास्त, म्हणून एकाच सार्वजनिक आयपीमागे अनेक घरं. त्या घडीला तुमच्यासोबत त्याच आयपीवर कणकवलीचा एक दुकानदार, चिपळूणचा एक विद्यार्थी आणि आणखी बरेच जण असू शकतात.

हे कळण्याचा रोखठोक उपयोग सीसीटीव्हीला होतो. गावचं घर बंद, मालक मुंबईत, बागेत आणि अंगणात कॅमेरे. कोणीतरी सांगतं राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करा (बाहेरून येणारी जोडणी थेट कॅमेऱ्याकडे वळवा), मग मुंबईतून आयपी टाकून कॅमेरा दिसेल. सीजीनॅटवर ते होणारच नाही, कितीही डोकं फोडा, कारण बाहेरून येणारी जोडणी कंपनीच्या दारातच अडते. तिथे कॅमेरा कंपनीचं क्लाउड अ‍ॅप वापरायचं, किंवा नेट कंपनीकडून जादा पैसे भरून स्थिर, म्हणजे न बदलणारा आयपी घ्यायचा. आधी राउटरचं पान बघितलंत तर कॅमेरेवाल्याच्या दोन फेऱ्या वाचतात.

पायरी ३: एकच आयपी तीन ठिकाणी विचारा

पायरी १ चा आयपी घ्या आणि आयपीइन्फो, मॅक्समाइंड, आयपीटूलोकेशन, डीबी-आयपी या आयपीसमोर गाव लिहिणाऱ्या याद्या ठेवणाऱ्या कंपन्यांपैकी किमान तिघांच्या साइटवर टाका. तिघांची गावं ओळीने लिहा. एक पुणे म्हणेल, दुसरा मुंबई, तिसरा नागपूर किंवा पणजी. तिघेही खात्रीच्या सुरात बोलतात, ही त्यांची खोड.

यांच्याकडे माहिती येते कुठून? काही नोंदणी संस्थांच्या यादीतून. काही नेट कंपन्यांनी स्वतः प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांतून. आपल्या कुठल्या पत्त्यांना कुठलं शहर लावायचं हे सांगणाऱ्या अशा फायलींचा नमुना २०२० मध्ये ठरवला गेला. काही माहिती सिग्नलला लागणाऱ्या वेळेवरून काढतात. उरलेली अंदाजाने. म्हणून नावापेक्षा एक रकाना जास्त महत्त्वाचा: अचूकतेची त्रिज्या. मॅक्समाइंड ती किलोमीटरमध्ये देतं. "रत्नागिरी, त्रिज्या २०० किमी" असं आलं तर त्या वर्तुळात पुणे, सातारा, कोल्हापूर आणि आख्खा सिंधुदुर्ग बसतो. फुकटच्या साइट हा रकाना बऱ्याचदा गाळतात आणि नकाशावर एक टोकदार लाल खूण रोवून मोकळ्या होतात.

ती टोकदार खूण काय करू शकते याचं खरं उदाहरण अमेरिकेतलं. कॅन्सस राज्यात पॉटविन नावाचं छोटं गाव आहे, तिथे एक शेतघर. मॅक्समाइंडने "अमेरिकेत कुठेतरी, नेमकं माहीत नाही" अशा आयपींसाठी देशाचा ढोबळ मध्य म्हणून ३८ अंश उत्तर, ९७ अंश पश्चिम असा गोल आकडा ठेवला होता. तो बिंदू नेमका त्या शेतघराच्या आवारात पडत होता. ६० कोटींहून जास्त आयपी त्या एका शेतावर बोट दाखवायचे. वर्षानुवर्षं पोलीस, कर खात्याची माणसं, फसवले गेलेले संतापलेले लोक तिथे येऊन थडकत राहिले, आणि राहणाऱ्यांना कारणच कळेना. २०१६ मध्ये बातमी फुटल्यावर कंपनीने तो बिंदू विचिटा शहराच्या पश्चिमेला एका जलाशयात नेऊन टाकला, म्हणजे कोणी दार ठोठवायला जाणार नाही.

भारताचाही असा ढोबळ बिंदू आहे. २० अंश उत्तर, ७७ अंश पूर्व हा गोल आकडा आपल्या देशासाठी पुष्कळ याद्यांत वापरला गेला आहे, आणि तो वाशीमच्या बाजूला पडतो. अक्षांश-रेखांश असे शून्यांनी भरलेले दिसले की समजायचं, यादीला देशापलीकडे काही ठाऊक नाही.

पायरी ४: कंपनीचं नाव पक्कं करा

याच साइटवर "एएसएन" असा एक क्रमांक दिसेल. तो नेटवर्क चालवणाऱ्या कंपनीचा. जिओचा ५५८३६, बीएसएनएलचा ९८२९, एअरटेलचे ९४९८ आणि २४५६० हे आपल्याकडे वरचेवर दिसणारे. या सगळ्या माहितीत हाच भाग सर्वात विश्वासाचा आहे, आणि लोक नेमकं याकडेच बघत नाहीत.

एपनिकच्या साइटवर हूइज शोधात आयपी टाकलात तर गठ्ठा कोणाच्या नावावर आहे, तक्रारीचा ईमेल कोणता, आणि एक पोस्टाचा पत्ताही मिळतो. तो पत्ता कंपनीच्या कार्यालयाचा असतो. तिथे हॅकर बसलाय असं समजून ओरड करणारे महाभाग आहेत, म्हणून सांगतोय.

पायरी ५: डेटा कुठून बाहेर पडतो ते मोजा

ही पायरी लॅपटॉपवर करा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, टी-आर-ए-सी-ई-आर-टी ही अक्षरं सलग टाइप करा, एक जागा सोडून ८.८.८.८ टाका आणि एंटर दाबा. एकेक ओळ उमटत जाईल. पहिली ओळ तुमच्या राउटरची, १९२.१६८ वाली. दुसरी-तिसरी पुष्कळदा १० किंवा १००.६४ पट्ट्यातली, म्हणजे कंपनीच्या पोटातली. पुढे कधीतरी खरा सार्वजनिक आयपी येतो. मध्ये नुसत्या चांदण्या आल्या तर घाबरू नका, त्या यंत्राने उत्तर द्यायला नकार दिला इतकंच. काही ओळींत नावं असतात आणि नावात शहराची खूण: बीओएम म्हणजे मुंबई, पीएनक्यू म्हणजे पुणे, दोन्ही विमानतळांची लघुरूपं.

प्रत्येक ओळीतला मिलिसेकंदाचा आकडा बघा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन धरलं तर १ मिलिसेकंदात फार तर १०० किलोमीटरवरचं यंत्र उत्तर देऊ शकतं. देवगड ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर, म्हणजे ३ मिलिसेकंदांच्या खाली उत्तर येणं शक्यच नाही. प्रत्यक्षात केबल सरळ रेषेत जात नाही आणि वाटेतली यंत्रं वेळ खातात, त्यामुळे आकडा त्याहून बराच मोठा येतो.

आता गंमत बघा. ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता, आणि बहुतेक याद्या त्याच्यापुढे अमेरिका लिहितात. मुंबईहून कॅलिफोर्निया १३,००० किलोमीटरहून लांब, म्हणजे उत्तराला किमान १३० मिलिसेकंद हवेत. तुमच्या स्क्रीनवर ३० किंवा ४० आले असतील, तर उत्तर देणारं यंत्र अमेरिकेत असूच शकत नाही. एकच आयपी जगात अनेक ठिकाणी बसवलेला आहे आणि तुम्हाला जवळचं यंत्र उत्तर देतं. यादी काहीही म्हणो, प्रकाशाच्या वेगाला खोटं बोलता येत नाही. मला या सगळ्या प्रकारातली हीच तपासणी सर्वात आवडते.

आपल्याकडून डेटा मुंबईकडे जातो याला भूगोलाचंही कारण आहे. एवढा लांब किनारा असूनही परदेशी समुद्री केबल तारकर्लीला किंवा गुहागरला वर येत नाहीत. त्यांतल्या कित्येक मुंबईत वर्सोव्याला येतात. मोठी डेटा सेंटरंही मुंबई-नवी मुंबईतच.

पायरी ६: सिम कुठलं आहे ते विसरू नका

दूरसंचार खात्याच्या नकाशावर जिल्हे नसतात, सर्कल असतात. मुंबईचं सर्कल वेगळं, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग ज्यात येतात ते सर्कल महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक. त्यामुळे बांदा, सावंतवाडी, शिरोडा या बाजूला कधी नकाशावर गोवा उमटलं तर नवल नाही.

गणपतीत हे छान दिसतं. चाकरमानी मुंबईचं सिम घेऊन येतात. एकाच पडवीवर त्यांचा फोन आणि गावातला फोन शेजारी ठेवून पायरी १ आणि ३ करा. मुंबईच्या सिमचा डेटा मूळ सर्कलमार्गे फिरून बाहेर पडू शकतो, आणि मग यादी त्याला मुंबईत बसवते.

पायरी ७: आयपी आणि जीपीएस वेगळे करा

"मग हवामानाचं अ‍ॅप माझं गाव बरोब्बर कसं दाखवतं?" कारण तुम्ही त्याला लोकेशनची परवानगी दिलीय. ते जीपीएस, आसपासची वायफाय नावं आणि मोबाइल टॉवर यांवरून ठरतं, त्यात आयपीचा संबंध जवळजवळ नसतो. करून बघा: फोनचं लोकेशन बंद करा, ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, नकाशाची साइट उघडा आणि परवानगी मागितली तर नकार द्या. नकाशा एकदम लांबच्या शहरावर किंवा आख्ख्या राज्यावर जाऊन बसेल. तेवढंच आयपीचं काम. गाव लपवायचं असेल तर आयपीमागे न लागता अ‍ॅपांच्या परवानग्या तपासा, खरी गळती तिथे आहे.

याचाच एक उलटा नमुना. मुंबईतला जुना राउटर गावी आणून लावला की काही दिवस घरातले फोन स्वतःला डोंबिवलीत समजतात. गूगलच्या वायफाय यादीत तो राउटर अजून डोंबिवलीला नोंदलेला असतो. अंगणात जाऊन जीपीएस चालू केलं की सुधारतं. आयपी बदलून काही होत नाही.

पायरी ८: "नवीन साइन-इन"चा इशारा कसा वाचायचा

क्रम लक्षात ठेवा: आधी डिव्हाइस, मग वेळ, मग कंपनी, सर्वात शेवटी शहर. फोनचं मॉडेल तुमचंच, वेळ तुम्ही लॉग-इन केल्याची, कंपनी तुमच्या सिमची, आणि शहर पुणे: सोडून द्या. पण मॉडेल अनोळखी असेल तर शहर देवगड दिसलं तरी पासवर्ड तत्काळ बदला, दुहेरी पडताळणी चालू करा. मेसेजमधल्या लिंकवर दाबू नका, गूगल खात्यात स्वतः जाऊन सुरक्षा विभागातली डिव्हाइसची यादी बघा. कॉम्प्युटरवर जीमेल उघडलं तर पानाच्या अगदी तळाशी उजवीकडे शेवटच्या वापराचा तपशील असतो, तिथे अलीकडचे आयपीही दिसतात. ते पायरी ३ आणि ४ मधून काढा. कंपनी भलतीच आणि देशही भलता असेल, तर तो खरा धोका. व्हीपीएन, म्हणजे दुसऱ्याच ठिकाणच्या यंत्रामार्गे नेट फिरवणारं अ‍ॅप, तुम्हीच चालू ठेवलं नव्हतंत ना, एवढं मात्र आठवा.

पायरी ९: कोणी फसवलं तर आयपीचं काय करायचं

होमस्टेवाल्यांच्या वाट्याला येणारा नेहमीचा प्रकार: सैन्यातला अधिकारी बोलतोय, चार खोल्या हव्यात, आगाऊ रक्कम पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा. पैसे येण्याऐवजी जातात. मग "त्याचा आयपी काढून दे" म्हणून लोक येतात. जीमेलच्या साइटवरून पाठवलेल्या मेलमध्ये पाठवणाऱ्याचा आयपी नसतोच, मूळ मजकूर उघडला तरी गूगलच्या यंत्रांचे पत्ते दिसतात. लिंक पाठवून आयपी पकडणाऱ्या साइट आहेत, त्यांच्या नादी लागू नका. पकडलात तरी हाती येणार कंपनी आणि चुकीचं शहर.

आधी १९३० वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर तासातासाचा फरक पडतो, कारण खात्यातली रक्कम गोठवायची असते. आयपीवरून ग्राहकाचं नाव फक्त नेट कंपनी सांगू शकते, आणि ती पोलिसांना सांगते, तुम्हाला नाही. सीजीनॅटमुळे नुसता आयपी पुरत नाही. पोर्ट क्रमांक (त्याच आयपीवरच्या जोडण्या वेगळ्या ओळखायचा आकडा) आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. तुमच्या वेबसाइटवर फसवणूक झाली असेल तर होस्टिंगवाल्याकडून लॉग, म्हणजे कोण कधी आलं याच्या नोंदी, लगेच मागून घ्या, पोर्टसकट. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, त्यापुढे ते सापडतील असं धरून चालू नका.

वेळेबाबत एक खाचखळगा. लॉगमधली वेळ बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, आपली घड्याळं तिच्या साडेपाच तास पुढे. लॉगमध्ये १४ मे, २०:१० असेल तर आपल्याकडे १५ मे, पहाटे १:४० वाजलेले असतात. तारीखच बदलली. हे तक्रारीत स्पष्ट लिहिलं नाही तर त्या आयपीवर त्या वेळी असलेल्या भलत्याच माणसाचं नाव निघू शकतं.

लपवायचं असेल तर

इन्कॉग्निटो खिडकीने आयपी लपत नाही. व्हीपीएनने लपतो, पण तुमच्या नेट कंपनीऐवजी व्हीपीएन कंपनीला सगळं दिसतं, त्यामुळे फुकटच्या व्हीपीएनपासून मी लोकांना लांबच ठेवतो. वर सांगितलेल्या २०२२ च्या निर्देशांत व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवावी असंही होतं. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून हलवले आणि भारतीय आयपी सिंगापूरसारख्या ठिकाणच्या यंत्रांवर चढवले. यादी म्हणते भारत, यंत्र सिंगापुरात. पायरी ५ केलीत तर मिलिसेकंदांत हे पकडता येतं.

व्हॉट्सअ‍ॅप कॉलमध्ये दोन फोन थेट जोडले जातात, तेव्हा समोरच्याला तुमचा आयपी काढता येऊ शकतो. सेटिंग्ज, प्रायव्हसी, अ‍ॅडव्हान्स्ड इथे जाऊन कॉलमध्ये आयपी सुरक्षित ठेवण्याचा पर्याय चालू करा. अनोळखी गिऱ्हाइकांचे फोन घेणाऱ्यांनी तर नक्कीच. आवाज थोडा खराब होऊ शकतो.

चुकीचं गाव दुरुस्त करता येतं का?

मोबाइल किंवा सीजीनॅट असेल तर त्या भानगडीत पडू नका, उद्या तो आयपी दुसऱ्याकडे असेल. छोटं हॉटेल आहे, स्थिर आयपी घेतलाय आणि पाहुण्यांना टीव्हीवर भलत्याच राज्याच्या जाहिराती दिसतात, तर उपयोग आहे. मॅक्समाइंड, आयपीइन्फो, आयपीटूलोकेशन यांच्या साइटवर दुरुस्तीचे फॉर्म असतात, ते भरा आणि नेट कंपनीलाही लेखी कळवा. बदल पसरायला वेळ लागतो, कारण प्रत्येक सेवा आपल्याकडची यादी आपल्या सवडीने ताजी करते. गूगल मॅपवर तुमच्या होमस्टेची जागा चुकली असेल तर त्याचा आयपीशी काही संबंध नाही, ती बिझनेस प्रोफाइलमध्ये जाऊन हलवायची.

शेवटचं आंबेवाल्यांसाठी. वेबसाइटच्या अहवालात "भेट देणारे: मुंबई, पुणे" असा रकाना असतो, तोही आयपीवरूनच आलेला. त्यात सांगलीचा, सोलापूरचा माणूस पुण्यात मोजला गेलेला असू शकतो. जाहिरातीचे पैसे कुठल्या शहरात घालायचे हे त्या रकान्यावरून ठरवू नका. मागच्या हंगामातल्या ऑर्डरींचे पिनकोड एका शीटमध्ये उतरवा आणि पहिल्या तीन आकड्यांनी गट पाडा. पेट्या खरंच कुठे गेल्या ते त्यात दिसतं.